कंडक्टरबाईंचा सिरका

घरमालकीणबाईंनी एका रविवारी स्वतःचा गाल भाजून घेतला. आग नव्हती, उकळतं तेल नव्हतं. सफरचंदाचा सिरका होता, व्हिनेगर. बाटलीतून थेट कापसावर, कापसावरून गालावर, आणि वर पट्टी बांधून त्या झोपून गेल्या होत्या. सकाळी मी ओसरीत दात घासत होतो. त्या बाहेर आल्या, पट्टी सोडली आणि गाल माझ्यापुढे धरला.

"पाह्य गा पत्रकार. वांग गेला का?"

वांगाचा डाग गेला होता, कारण तिथली कातडीच गेली होती. खाली लालभडक, ओलसर मांस दिसत होतं. माझ्या हातातला ब्रश खाली पडला.

"बाई, दवाखान्यात चला."

"कायले?" त्यांनी खांबाला टांगलेल्या आरशात गाल डावीउजवीकडून पाहिला. "पाणी नाही टाकलं मी, म्हणून झालं. सिरक्याची चूक नाही. माझी होय."

त्या दवाखान्यात गेल्या, पण गुन्हा कबूल करायला गेल्यासारख्या. डॉक्टरांना काही विचारूच दिलं नाही, सगळं स्वतःच सांगितलं. गालावर तपकिरी चट्टा राहिला तो कायमचा. त्या दिवसापासून घरात नियम झाला: पाण्याशिवाय सिरका नाही. नियम इतरांसाठीही होता आणि 'इतर' म्हणजे मुख्यतः मी.

तेव्हा मी एका दैनिकासाठी अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो. तालुक्याच्या गावापासून जवळच, तलावाच्या बांधाखाली, तिकडच्या भाषेत पाळीखाली, वसलेल्या एका खेड्यात, त्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. बाई एसटीच्या निवृत्त कंडक्टर. गाव त्यांना कंडक्टरबाई म्हणे. नोकरी सुटली तरी शरीरातून गाडी उतरली नव्हती. त्या दारातून अंग आडवं करून आत येत. उभ्याउभ्या बोलताना पाय फाकवून, एक हात वर खांबाला. चामड्याची जुनी पिशवी अजून खांद्यावर आडवी असे. तिच्यात पूर्वी तिकिटं असत, आता सिरक्याची लहान बाटली, कापूस आणि बाटलीचं एक मोकळं टोपण. टोपण हे माप. रोज सकाळी एका पेला पाण्याला एक टोपण.

सकाळी मी कामाला निघालो की त्या दारात आडव्या.

"घेतला का?"

"घेतला, बाई."

"दाखव."

म्हणजे तोंड उघडून श्वास सोडायचा. वास आला तर रस्ता मोकळा. नाही आला तर परत आत. एकदा मी तालुक्याच्या बैठकीला उशीर होतोय असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "विनातिकीट मी सख्ख्या नवऱ्यालेही जाऊ नाही देल्लं."

हे वाक्य गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते खरं होतं. नवरा दारू पीत असे. एकदा तो सौंदडच्या थांब्यावर तर्र होऊन त्यांच्याच गाडीत चढला. त्यांनी तिकीट मागितलं. तो हसला, बाकीच्यांना म्हणाला, माझी बायको होय. बाईंनी घंटी मारून गाडी थांबवली आणि त्याला भर उन्हात, शेतांच्या मधोमध उतरवला. पुढे काही वर्षांनी दारूनेच तो गेला. मी एकदा त्यांना विचारलं होतं की उतरवताना काय वाटलं. "तिकीट नव्हतं," असं त्या म्हणाल्या. उत्तर तिथे संपलं.

सिरका त्यांच्या आयुष्यात मोबाइलमधून आला. निवृत्तीनंतर केस गळत होते, डोक्यात कोंडा झाला होता. कुठल्याशा व्हिडिओत एका बाईने सफरचंदाचा सिरका पाण्यात घालून केस धुतले आणि ते आरशासारखे चमकले. बाईंनी गोंदियाहून बाटली मागवली. दुकानदार तिला 'सेब का सिरका' म्हणाला म्हणून त्यांच्या तोंडी सेब बसलं. बाटलीच्या तळाशी जाळ्यासारखा गढूळ गाळ असतो. त्या त्याला 'माय' म्हणत. "माय हलवून घे, माय खाली बसली तर सिरका पोरका होते," असं मला बजावत. कोंडा गेला. केस चमकले की नाही हे सांगणं अवघड, कारण आंघोळीनंतरचा अर्धा दिवस त्यांच्या जवळ उभं राहवत नसे. पोट साफ, अंग हलकं, टाच मऊ, जेवणावर वासना कमी, असे फायदे त्या थांब्यांची नावं घेतल्यासारखे ओळीने म्हणून दाखवत. माझे दात मात्र आंबायला लागले. गार पाणी लागलं की कळ जाई. ते सांगितल्यावर त्यांनी मला नळी आणून दिली. दाताला न लावता प्यायचं.

गाव त्यांना हसत होतं ते रोवणीपर्यंत. भाताच्या रोवणीत बाया दिवसभर गुडघाभर चिखलात उभ्या असतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, चपलेत पाय घालवत नाही. बाईंनी ओसरीत घमेलं मांडलं, कोमट पाण्यात टोपणाच्या हिशेबाने सिरका घातला आणि संध्याकाळी परतणाऱ्या बायांना हाक मारली. "मागच्या समोर या. पाय टाका. रडू नका, झोंबते." काहींना उतार पडला, काहींना नुसतीच आग झाली. पण बाया रोज येऊ लागल्या, पाय बुडवून बसू लागल्या, आणि बसल्यावर बोलू लागल्या. नवऱ्यांबद्दल, मारहाणीबद्दल, दारूबद्दल. गावच्या महिला दारूबंदी समितीचा जन्म त्या घमेल्याभोवती झाला. अध्यक्ष अर्थातच कंडक्टरबाई. त्यांच्या हाताखाली गावची आशा कार्यकर्ती, जिला सगळे आशाताई म्हणत; शांत स्वभावाची, सगळ्यांच्या बाळंतपणाला धावणारी.

बाई बौद्ध घरातल्या. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलापाशी, मादक पदार्थांपासून दूर राहण्याच्या वचनापाशी, त्यांचा आवाज इतका चढे की लहान मुलं मागे वळून बघत.

समितीचे नियम त्यांनीच केले. फसफसणारं मडकं दिसलं की फोडायचं, कारण विचारायचं नाही. मोहफुलं आंबवत ठेवतात त्याला आम्ही बातमीत सडवा लिहितो. बाईंच्या भाषेत ते नुसतं 'मडकं'. आणि ज्याच्या घरी मडकं सापडेल त्याने दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीपुढे उभं राहून भोंग्यावर स्वतःचं नाव घेऊन सांगायचं, माझ्या घरी दारू निघाली. नुसतं एवढंच. कारण सांगायचं नाही.

हा नियम सगळ्यांत आधी लागू झाला तो तलावाच्या पाळीवर झोपडीत एकटी राहणाऱ्या एका बाईला. गाव तिला पाळीवरची म्हणे. मोहाची गाळून विकणं हे तिचं पोट. समितीच्या बायांनी तिची मडकी फोडली तेव्हा मी तिथे होतो. बातमी केली होती. भोंग्यावर उभी राहिल्यावर ती म्हणाली, "गुडघे धरले होते, म्हणून थोडीशी औषधाले..." बाईंनी तिच्या हातातून माइक ओढला. "गुडघ्याचं नाव नको घेऊ. दारूचं घे."

पाळीवरचीने दारूचं नाव घेतलं आणि निघून गेली.

त्यानंतरच्या थंडीत गोंदियाहून बाटली येईनाशी झाली. बाईंनी घरीच सिरका करायचं ठरवलं. अर्जुनीच्या बसस्टँडवरून फळवाल्याची डागाळलेली सेबं पोत्याने यायची, जुन्या ओळखीच्या गाड्या ती रस्त्यावर उतरवून देत. चिरायची, मडक्यात भरायची, पाणी घालायचं. सेबं फिकी होती म्हणून त्यांनी गूळ सढळ हाताने घातला. व्हिडिओत तोंडाला नुसतं पातळ फडकं बांधायला सांगितलं होतं. पण मागच्या खोलीत धान असे आणि धानामागे उंदीर. म्हणून बाईंनी मडक्यांवर झाकणं ठेवून ती ओल्या मातीने लिंपून टाकली. चाखण्यापुरतं एक मडकं उघडत आणि पुन्हा लिंपत.

रोज दुपारी त्या मागे जात. "आंबट झालं का पाह्यते." परत येत तेव्हा चेहरा मोकळा असे. त्या दिवसांत त्या मला अधिक बोलक्या वाटल्या. मी काही संशय घेतला नाही. संशय घेण्यासारखं ते घरच नव्हतं.

समितीची बैठक बाईंच्या ओसरीत भरे. अशाच एका बैठकीत पाळीवरची आली. आल्याआल्या ती खांबाला टेकून उभी राहिली. मग आशाताईला म्हणाली, "तुमचा नियम सगळ्याईले आहे का नुसता पाळीवर?"

"सगळ्याईले," आशाताई म्हणाली.

"मग अध्यक्षीणबाईच्या मागच्या खोलीत जा. मी मांगच्या वाटेनं आली. नाक आहे मले."

बाया खवळल्या. एकीने तिला बाहेर काढायला हात उचलला. बाई मात्र हसल्या. "येऊ द्या तिले. चला, सगळ्याच चला. माझा सिरका पाहून घ्या." त्यांच्या चालण्यात जराही घाई नव्हती.

खोलीत त्यांनी पहिल्या मडक्याची माती खरवडली, झाकण उचललं. आतून फेसाचा बारीक आवाज येत होता. वास वर आला. मी वर्षानुवर्षं छाप्यांच्या बातम्या केल्या आहेत, आणि त्या वासाबद्दल शंकेला जागा नव्हती. सफरचंदाचा गोडवा होता, त्याच्याखाली दारू होती. बायांपैकी एकीने पदर नाकाला लावला आणि बाईंकडे पाहायचं टाळून भिंतीकडे पाहिलं.

"आंबट वास येऊन राहिला ना?" बाई म्हणाल्या. त्यांनी पेल्यात थोडं काढून आशाताईला दिलं. आशाताईने ओठ ओले केले आणि पेला खाली ठेवला. पाळीवरचीने तो उचलला, एक घोट घेतला, तोंडात फिरवला.

"गाळली नाही," ती म्हणाली. "पण चढते. सेबाची का मोहाची, डोक्यात सारखीच जाते."

"खोटी बोलते," बाई म्हणाल्या आणि पेला तिच्या हातातून घेऊन उरलेलं पिऊन टाकलं. "हे तर मी रोजच..."

त्या तिथे थांबल्या. रिकाम्या पेल्याकडे बघत राहिल्या. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. गालावरच्या चट्ट्याभोवतीचा सगळा चेहरा हळूहळू त्या चट्ट्यापेक्षा गडद होत गेला. त्या खोलीतल्या प्रत्येकीला आणि मला त्याच क्षणी कळलं की दारूबंदी समितीच्या अध्यक्षा कित्येक दिवस रोज दुपारी दारू पीत होत्या आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

आशाताई आधी भानावर आली. तिने मोबाइलवर काहीतरी शोधलं, वाचलं. "बाई, हे अर्ध्यातलं आहे. सिरका होण्याआधी एक डाव अशीच दारू होते म्हणते. तुम्ही लिंपून टाकलं, हवा नाही लागली, म्हणून तिथंच अटकली. झाकणं काढून फडकं बांधा. महिना-दीड महिन्यात आंबट होते. औषध होय हे."

बायांनी सुटकेचा श्वास सोडला. "हो ना, औषध होय." "बाई कायले दारू करतीन?" "पाळीवरचीले जळन आहे नुसती."

पाळीवरची म्हणाली, "माझं गुडघ्याचं होतं."

एवढंच. ती चिडली नव्हती. उलट थोडी हसली, जणू हे असंच होणार हे तिला येण्याआधीच ठाऊक होतं.

बाईंनी पेला पिशवीत ठेवला. का ठेवला, त्यांनाही सांगता आलं नसतं. मग त्या कोपऱ्यात गेल्या. समितीच्या काठ्या त्यांच्याच घरी, त्या कोपऱ्यात असत; त्यांनी एक उचलली.

"बाई, काऊन असं करून राहिल्या?" आशाताई आडवी झाली. "चुकीनं झालं ना. कोणाले सांगायचं नाही. आम्ही नाही सांगत."

"सरक." बाईंचा आवाज खाली होता. तो इतका खाली मी त्याआधी ऐकला नव्हता. "आज माझा सिरका सुटला तर उद्या पुऱ्या गावात सिरकाच लागते. प्रत्येक मडक्याजवळ माणूस उभा राहीन, म्हणन का बाई, सिरका होऊन राहिला, थांबा महिनाभर. काय सांगशीन त्याले? तुझ्या त्या मोबाइलमधलं वाचून दाखवशीन?"

आशाताई बाजूला झाली. समितीने तोवर जे काही मिळवलं होतं ते 'कारण विचारायचं नाही' या एका गोष्टीवर उभं होतं आणि ती गोष्ट त्या खोलीत, त्या मडक्यांमध्ये आंबत पडली होती.

बाईंनी सगळी मडकी स्वतः फोडली. कोणाला हात लावू दिला नाही. रस धानाच्या पोत्यांखाली गेला, उंबऱ्यावरून अंगणात गेला. सेबाच्या तपकिरी फोडी पायात येत होत्या. शेवटचं मडकं फुटल्यावर त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, "छाप. नाव टाकून छाप." मी बातमी पाठवली. गुन्हा नोंद नाही म्हणून ती छापून आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीपुढे नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. ज्यांची मडकी फुटली होती ते पुरुष पुढे होते, तंबाखू मळत. पाळीवरची पायरीवर बसली होती. एक जण मोठ्याने म्हणाला, "घंटी मारा, गाडी येऊन राहिली." हशा झाला. बाई पिशवीशिवाय आल्या. त्यांनी माइक हातात घेतला, स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, निवृत्त वाहक असं सांगितलं.

"माझ्या घरी दारू निघाली."

नियमाप्रमाणे इथे संपायला हवं होतं. सेबाचं, सिरक्याचं त्यांनी नावही घेतलं नाही. आशाताई माइक घ्यायला पुढे झाली. बाईंनी तो सोडला नाही.

"ती मी पेत होती. रोज. मले मालूम नव्हतं का दारू होय." त्या थांबल्या. भोंग्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. "पण मले ते आवडत होतं. दुपार झाली का पाय आपोआप तिकडे जात. झोप चांगली लागे. आता मालूम झालं. तरी आवडते. काल मडकी फोडताना हातावर उडालं, तर मी हात चाटला."

तंबाखू मळणारे हात थांबले. मी वही काढली होती, पण लिहिलं काहीच नाही. नवऱ्याला उन्हात उतरवणाऱ्या बाईकडून हे गावाने ऐकलं होतं, आणि भोंगा होता म्हणून तलावापलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीनेही ऐकलं होतं. आशाताई दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती.

बाई अजून काही बोलणार होत्या. पाळीवरची पायरीवरून उठली, गर्दीतून वाट काढत आत गेली आणि तिने भोंग्याचं बटण बंद केलं. बाहेर येऊन ती म्हणाली, "बाई, एवढं कोणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग?"

"लोकाईनं मांगून म्हटलं असतं, औषधाले पेत होती," बाई म्हणाल्या.

अध्यक्षपद त्यांनी त्याच दिवशी आशाताईकडे दिलं. सिरका बंद केला, विकतचासुद्धा. घमेलं राहिलं, पण त्यात नुसतं कोमट पाणी आणि मीठ. मला सकाळी दारात कोणी अडवेना. मी त्याची सवय करून घेतली, तरी निघताना जरा थांबायचो.

उन्हाळ्याआधी गावाच्या टोकाला पुन्हा मडकं असल्याचं कळलं. समिती निघाली. बाईही निघाल्या, पण गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबल्या. मी त्यांच्याजवळ थांबलो. तिथून घर दिसत होतं. दारात एक माणूस हात जोडून हसत उभा होता. तो काय म्हणाला ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, कारण ते त्याने मुद्दाम मोठ्याने म्हटलं.

"सिरका होऊन राहिला, ताई. महिनाभर थांबा."

मागच्या बाया घुटमळल्या. एकदोघींनी वळून गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. बाईंनी हाताची खूणही केली नाही.

"आमच्या बाईचाही सिरकाच होता," आशाताई म्हणाली. "बाजूला हो गा भाऊ." आणि तिने काठी उचलली.

मडकं फुटल्याचा आवाज आला. मग थोड्या वेळाने वारा आमच्याकडे वळला. मोहाचा गोड, जड वास गल्लीतून आला. बाईंनी पदर नाकावर दाबला आणि डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना भोवळ आली. मी विचारलं, "बाई, समितीच्या बाया येईपर्यंत थांबायचं का?"

"नको," त्या पदराआडून म्हणाल्या. त्यांनी माझा हात मनगटापाशी घट्ट धरला, गर्दीच्या गाडीत दांडा धरतात तसा. "मले घरी ने. एकटी गेली तर मी तिकडेच वळीन."